दासगांवचा धक्का



महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडास येते, आणि तेथून पांच मैलांवर, दौलतगडाच्या पायथ्याशीं, तिची खाडी खऱ्या अर्थानें दिसूं लागते. त्या खाडीकांठचें दासगांव हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

सध्यां मोटारींतून जाणाऱ्यास हें गांव केव्हां मागें पडलें हें कळतही नाहीं. पण आगबोटींच्या काळीं महाडकरांची मुंबई दासगांवच्या धक्क्यावरच सुरू होत असे. पुढें पात्र उथळ. होड्या भरतीचें पाणी धरून महाड गांठीत, मोठ्या बोटींस मात्र येथेंच थांबणें भाग पडे. जेम्स फोर्ब्स नांवाच्या इंग्रजानें 1813 सालीं छापलेल्या आपल्या आठवणींत येथील उन्हाळ्यांचा उल्लेख केला आहे. गोरे साहेब त्या ऊन पाण्यासाठीं इतक्या आडवाटेस येत, याची आज मौज वाटते.

परंतु ह्या धक्क्यानें पाहिलेला सर्वांत मोठा दिवस 25 डिसेंबर 1927 चा होय. त्याच वर्षीं मार्चमध्यें चवदार तळ्याचें पाणी प्याल्याबद्दल अस्पृश्यांनी मार खाल्ला होता. आतां डॉ. आंबेडकर पुन्हां सत्याग्रहासाठीं निघाले. मोटारवाल्यांच्या बहिष्काराची धास्ती असल्यामुळें धरमतरची वाट सोडून ते समुद्रमार्गें हरिहरेश्वरावरून दोनप्रहरीं दासगांवास उतरले. सुमारें तीन हजार सत्याग्रही तेथें त्यांची वाट पाहत उभे होते. तेथून सर्व मंडळी पायींच महाडास गेली, व त्याच रात्रीं मनुस्मृतीचें दहन झालें. ज्यांना तळ्यावर मज्जाव होता, त्यांना खाडीनें वाट दिली.

पुढें सडका सुधारल्या आणि बोट बंद पडली. 1998 मध्यें कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली. जुलै 2005 च्या अतिवृष्टींत दासगांव, जुई, कोंडिवते व रोहन ह्या गांवांवर दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. जुलै 2021 मध्यें महाड पुन्हां पुरांत बुडालें. दासगांवच्या खाडींतील रेल्वेचा भराव पुराचें पाणी अडवितो, तो काढून तेथें खांबांवर पूल बांधावा, अशी महाडकरांची मागणी आहे. ती मला वावगी वाटत नाहीं. वरून घाटांतला पाऊस उतरत असतां खालून उधाण चढतें, आणि त्या घटकेस पाण्याला उतरावयास जितकी रुंदी मिळेल तितकाच महाडच्या पेठेंतील पूर कमी.