कारभाराची तालीम



आमची शाळा चौथीपर्यंतची. पुढचे शिक्षण युनियनच्या वर्गण्या गोळा करताना झाले. सरकारी नोकरांच्या प्रशिक्षणावर आम्ही बोलावे हे कुणाला चमत्कारिक वाटेल. पण त्या प्रशिक्षणाचे बरेवाईट फळ आमच्याच माणसांच्या पदरात पडते.

आपल्या मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला निघतात. लेकरूही जाते. इथल्या अंगणवाडीच्या वहीत ते 'गावी नाही', आणि फडावर कुणाच्याच वहीत नाही. हा प्रश्न कोणत्या खात्याचा? आहार एकाकडे, शाळा दुसऱ्याकडे, रोजगार हमी तिसऱ्याकडे आणि मुकादमाची उचल कुणाच्याच फायलीत नाही. जो तो आपापल्या जागी राबतो. लेकराचे वजन घटायचे ते घटतेच.

२०१८ साली वाशीम जिल्हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत गेला, ४९ निर्देशांक मोजले जाऊ लागले. २०२० साली 'मिशन कर्मयोगी' आले, धडे मोबाईलवर मिळू लागले. आम्ही थट्टा करीत नाही, धडे हवेतच. परंतु पोहणे शिकायचे तर विहिरीत उतरावे लागते. ही पाचसहा माणसे एका तांड्यासाठी, एका हंगामासाठी एकत्र बसवा आणि त्यांच्या चुका पदरात घ्या. आम्ही तालीम म्हणतो ती हीच.

हे अशक्य नाही. २००५ साली औरंगाबादेत राजमाता जिजाऊ मिशन निघाले. आरोग्य आणि बालविकास ही दोन खाती एकाच मुलाकडे पाहू लागली. २००५-०६ साली राज्यातली पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुले खुरटलेली होती. २०१५-१६ साली ३४.४ टक्के. सारे श्रेय मिशनचे नव्हे, पण वाट दिसली.

आणि ज्या सेविकेवर हे सारे उभे, तिला पगार नव्हे, 'मानधन'! २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोवर तोही वादातच होता.

मागे एका कार्यशाळेला आम्हांला बोलावणे होते. अधिकारी पुढे, सेविका मागच्या बाकावर. शेवटी एक बाई उठून म्हणाली, "साहेब, वजन मी घेते. पण पोर कोणत्या फडावर गेलं ते मुकादमाला ठाऊक. त्याला बोलावलं का?" सभागृह हसले. आम्ही नंतर इतिवृत्त मागवून पाहिले. त्यात चहापानाची नोंद होती, बाईच्या प्रश्नाची नव्हती.