मालवणच्या पाण्याखाली

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. म्हणून बीडकरांना प्रवाळ पाहायला थेट कोकणात, मालवणला उतरावे लागते. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा खडकाळ समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण ती असंख्य चिमुकल्या प्राण्यांनी चुन्यापासून रचलेली वसाहत असते. तिच्या कपारींत फुलपाखरू मासे, पोपटमासे, समुद्रफुले नांदतात. हे वैभव पाहायला पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन खाली जातात; यालाच स्कूबा म्हणतात. स्कूबा करताना श्वास कधीही रोखायचा नसतो: वर येताना दाब घटतो, अडवलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. पावसाळ्यात स्कूबा बंद असते. प्रवाळ फार सावकाश वाढतो. त्यावर पाय देऊ नये, आठवण म्हणून तुकडाही तोडू नये.