पंप लपवू नका

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'आरोग्य आणि समाज' असा मोठा विषय दिला आहे. संयोजकांची परवानगी घेऊन मी तो लहान करतो. मालेगावातल्या आमच्या एका बैठकीबद्दल सांगतो. महिन्यातून एकदा, शुक्रवारी असरच्या नमाजनंतर, एका शाळेच्या हॉलमध्ये वीस-पंचवीस माणसं जमतात. सगळ्यांचं दुखणं एकच. दम लागतो.

शुक्रवारच का? कारण मालेगावचे पॉवरलूम शुक्रवारी बंद असतात. या सुट्टीचा आमच्या आजाराशीही संबंध आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, ही त्याची सुरुवातीची खूण. वैद्यकाच्या पुस्तकांत हा त्रास सोमवारचा म्हणून दिलेला असतो, कारण तिकडच्या गिरण्या रविवारी बंद असायच्या. आमच्याकडे तो शनिवारी येतो. माझे अब्बा दर शनिवारी घरी आले की म्हणायचे, "आज मशीन जड चालत होतं." मशीन रोजचंच होतं.

अब्बांनी तीस वर्षं बारा-बारा तासांच्या पाळीत लूम चालवला. बिडीही ओढायचे. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी फुंकून घेण्याची तपासणी केली, म्हणजे स्पायरोमेट्री, आणि सीओपीडी असल्याचं सांगितलं. त्यात धूळ किती आणि बिडी किती, हे वेगळं काढता येत नाही. गेलेली ताकद परत येणार नाही, पण रोज पंप घेतला तर जगणं सोपं होईल, असं ते म्हणाले.

अब्बांनी पंप आणला आणि लपवला. त्या लपवण्यात माझाही हात होता, ते आज तुमच्यासमोर सांगायलाच हवं. माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. मी अब्बांना म्हणालो, "त्यांच्यासमोर पंप काढू नका. लोक म्हणतील, या घरात टीबी आहे." अब्बा दीड तास पाहुण्यांसमोर हसत बसले. मग उठून मागच्या खोलीत गेले आणि खिडकीचा गज धरून उभे राहिले. रिश्ता जमला. पण त्यानंतर त्यांनी आमच्यासमोरही कधी पंप काढला नाही. चार वर्षांनी ते गेले. पंप नीट घेतला असता तर ते किती जगले असते, ते मला सांगता येणार नाही. ती चार वर्षं त्यांनी त्या मागच्या खोलीत काढली, एवढं मात्र खरं.

या बैठकीची सुरुवात तिथून झाली. पहिल्या दिवशी सहा जण होते. प्रत्येकाने आपापला पंप आणायचा आणि कसा घेतो ते सगळ्यांना दाखवायचं, एवढंच ठरलं होतं. एका चाचांकडे पावडरच्या कॅप्सूल होत्या. त्या यंत्रात घालून ओढायच्या असतात. चाचा आठ महिने त्या पाण्याबरोबर गिळत होते! कुणी हसलं नाही, कारण उरलेल्या पाचांपैकी चार जणही चुकत होते. दाबून मारायचा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबताना सावकाश आत ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा. पावडरचा पंप मात्र जोरात ओढायचा. त्यात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची. हे शिकायला पाच मिनिटं लागतात, पण गर्दीच्या ओपीडीत तेवढी पाच मिनिटं मिळत नाहीत.

दुसरं काम चालण्याचं. दम लागतो म्हणून माणूस चालणं सोडतो, त्याने पायांचे स्नायू दुबळे होतात आणि मग थोड्या चालण्यानेही जास्त दम लागतो. हे चक्र तोडायला डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही शाळेच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालतो आणि किती फेऱ्या झाल्या ते वहीत लिहितो. दम लागला की थांबायचं, नाकाने श्वास घ्यायचा आणि शिटी वाजवताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा. घराबाहेर पडणंच सोडलेले एक निवृत्त मास्तर आता चहाच्या टपरीपर्यंत जातात. त्यांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

बायका सुरुवातीला येत नव्हत्या. आल्या तेव्हा मागच्या रांगेत बसल्या. पण मागून पंप कसा धरायचा ते दिसेना. एक खाला उठून म्हणाल्या, "गोल बसा, म्हणजे सगळ्यांना दिसेल." तेव्हापासून आम्ही गोल बसतो. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात कधी बिडी ओढलेली नाही, चुलीच्या धुराने त्यांची फुफ्फुसं गेली. शेजारच्या खेड्यातून एक मावशी येतात, त्यांचीही तीच कथा. मोसम नदीच्या दोन काठांत किती अंतर आहे, हे मालेगाव ओळखणाऱ्यांना सांगायला नको. आमच्या हॉलमध्ये मावशी खालांचा पंप तपासतात आणि खाला मावशींचा.

सगळ्यांत जास्त वाद रमजानच्या आधीच्या बैठकीत होतो. पंपाने रोजा तुटतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि आम्ही फतवे देत नाही. आमचा नियम एकच आहे. कुणीही स्वतःच्या मनाने औषध बंद करायचं नाही, महिनाभर आधी डॉक्टरांना विचारायचं. काहींच्या पंपाची वेळ सहरी आणि इफ्तारला बसते, काहींची बसत नाही. आजारी माणसाने रोजे नंतर पूर्ण करावेत, ही सवलत सूरह बकरामध्येच आहे. उभं राहवत नसेल तर बसून नमाज पढता येते. अल्लाहने दिलेली सवलत घ्यायला आपल्याला शरम का वाटावी? सब्र करायचा म्हणजे इलाज सोडायचा, असं कुणी शिकवलं आपल्याला?

आता आमच्या मर्यादेबद्दल. बैठकीने कारखान्यातली धूळ कमी होत नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी आहे आणि तिच्यात कापसाच्या धुळीने होणारा हा रोग आहे. पण आमच्या चाचांकडे नेमणुकीचा कागद नाही, पगाराची पावती नाही, आयुष्यात दहा कारखाने बदललेले. सिद्ध कसं करणार? म्हणून आम्ही आता प्रत्येकाची नोंद ठेवतो. कुठे काम केलं, किती वर्षं, तपासणी कधी झाली. आज तिचा उपयोग झाला नाही तरी उद्या होईल.

आणि मालकाविरुद्ध घोषणा द्यायची म्हटली तर आमच्या बैठकीत एक मालकही आहेत. आठ लूम, त्याच खोलीत बसणं, त्यालाही तसाच खोकला. त्यांच्याशी बोलून एक गोष्ट सुरू झाली. हवेच्या पाइपने रुई उडवून मशीन साफ करणं त्यांनी बंद केलं, आता ती ओढून घेणारं यंत्र वापरतात. एक कारखाना. मालेगावात किती आहेत, ते तुम्हाला माहीत आहे.

तुमच्याकडून मला पैसे नकोत. घरी गेलात की जिना चढताना कोण थांबतं ते बघा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या, ती मोफत होते. टीबी निघाला तरी लपवू नका, तो औषधाने बरा होतो. घरात कुणाला पंप असेल तर जवळ बसा आणि म्हणा, "दाखवा बरं, कसा घेता."

आणि पाहुणे आले असतील तर तो पंप तुम्ही स्वतः आणून त्यांच्या हातात द्या, सगळ्यांसमोर. मला ते जमलं नाही.