पुलाखालची जागा कुणाची?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत शिक्षण, रोजगार, कायदा असे विषय आहेत आणि त्यांच्या मधोमध माझ्या नावापुढे 'स्केटपार्क' असं लिहिलंय. ते वाचून काहींना हसू आलं असेल. वर्षभरापूर्वी मलाही आलं असतं. मी इंजिनिअर आहे खरा, पण सॉफ्टवेअरचा. सिमेंट आणि वाळूशी माझा संबंध परीक्षेपुरताही आला नाही. तरी गेलं वर्षभर दर रविवारी मी एका उड्डाणपुलाखाली उभा असतो. तो का, हे सांगायला आलोय.

माझा भाचा चौदा वर्षांचा आहे. मोबाईलवर व्हिडिओ बघून तो स्केटबोर्ड शिकायला लागला. इमारतीच्या पार्किंगमध्ये खेळला, वॉचमनने हाकललं. रस्त्यावर खेळला, रिक्षावाल्यांनी शिव्या दिल्या. शेवटी तो आणि त्याचे मित्र आमच्या वस्तीशेजारच्या उड्डाणपुलाखाली गेले. तिथे राडारोडा, बंद पडलेल्या गाड्या आणि कचरा होता, पण वर छत होतं आणि हाकलायला कुणी नव्हतं. मुलांनी दोन खांबांमधली जागा झाडून घेतली. एका रविवारी मी बघायला गेलो तेव्हा बारा वर्षांची भाचीही सोबत आली होती. ती बराच वेळ कडेला उभी राहिली आणि मग म्हणाली, "मामू, इथे मुलींना चालतं का?"

मी म्हटलं, "चालतं की. कोण नाही म्हणतंय?"

ती म्हणाली, "कुणी नाही म्हणत नाही. पण कुणी आहे का?"

आमच्या सगळ्या खटाटोपाची सुरुवात या प्रश्नापासून झाली.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्केटपार्क म्हणजे गुळगुळीत काँक्रीटचं मैदान. त्यात उतार, वळणदार भिंती, पायऱ्या आणि लोखंडी कठडे बांधलेले असतात. स्केटबोर्डिंग ऑलिम्पिकमध्ये आलं ते टोकियोपासून, म्हणजे २०२१ मध्ये. तिथे मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवणारी जपानची मोमिजी निशिया फक्त तेरा वर्षांची होती. आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत या खेळात सुवर्ण मिळवलं. त्यामुळे 'हे फॉरेनचं फॅड आहे' असं कुणी म्हटलं की मी ही दोन नावं सांगतो.

पुलाखाली खेळायची कल्पनाही जुनी आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात पाऊस फार. तिथल्या मुलांनी १९९० मध्ये बर्नसाइड पुलाखाली परवानगी न घेताच स्वतः काँक्रीट ओतायला सुरुवात केली. काम चांगलं दिसल्यावर शहराने नंतर मान्यता दिली आणि तो पार्क आज जगभर ओळखला जातो. गोष्ट ऐकायला छान आहे, पण मी आमच्या मुलांना स्पष्ट सांगितलं की आपण असं करायचं नाही. आपल्या वस्तीत विनापरवाना एक वीट रचली तरी तिचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याला परवानगी आधी हवी, आणि ती कागदावर हवी.

म्हणून पहिला प्रश्न आला, जागा कुणाची? पूल एका यंत्रणेने बांधलेला, रस्ता दुसरीकडे, दिवे तिसरीकडे. तीन कार्यालयांनी मला एकमेकांकडे पाठवलं. शेवटी माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. उत्तर आलं: 'माहिती उपलब्ध नाही.' मग पहिलं अपील केलं. त्यानंतर नकाशा मिळाला आणि कळलं की ती जागा नकाशात रस्ता म्हणून आहे. म्हणजे मैदान म्हणून तिची कुठेच नोंद नाही. उद्या तिथे कुणी पे-अँड-पार्क काढलं तर आपण कशाच्या आधारावर बोलणार? हा कागद हातात नसता तर आम्ही वर्गणी काढून रॅम्प बांधला असता आणि सहा महिन्यांत तो तोडलेला पाहिला असता.

दुसरा प्रश्न मला जास्त अवघड गेला. अर्जात मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, 'सदर जागा रिकामी व विनावापर आहे.' तो मसुदा मी पुलाखाली हातगाड्या दुरुस्त करणाऱ्या चाचांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटा, मग मी कुठे बसलोय?"

मला उत्तर देता आलं नाही. ते तिथे माझ्या लहानपणापासून बसतात. पलीकडच्या खांबाजवळ एक कुटुंब रात्री झोपायला येतं. त्यांना न मोजता मी जागा रिकामी ठरवून टाकली होती.

लंडनमध्ये थेम्स नदीकाठी साउथबँक सेंटर नावाचं मोठं कलाकेंद्र आहे. त्याच्या इमारतीखालच्या मोकळ्या भागात १९७० च्या दशकापासून मुलं स्केटिंग करतात. २०१३ मध्ये संस्थेने तिथे दुकानं आणि खाण्यापिण्याची ठिकाणं काढायची योजना आणली. मुलांना दुसरी जागा द्यायची तयारी दाखवली होती, पण चार दशकांचा वापर त्या योजनेत मोजलाच नव्हता. मुलांनी तिथेच टेबल टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सह्या घेतल्या. हरकतींचा आकडा सत्तावीस हजारांच्या वर गेला. सप्टेंबर २०१४ मध्ये करार झाला आणि ती जागा स्केटिंगसाठीच राहील हे कायदेशीर बंधन म्हणून लिहिलं गेलं.

ही गोष्ट वाचताना मी मनातून त्या मुलांच्या बाजूने होतो. मग लक्षात आलं की आमच्या पुलाखाली त्या मुलांच्या जागी चाचा आहेत आणि त्यांना नकाशातून पुसणारा मी आहे.

आम्ही मसुदा बदलला. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात रस्त्यावर वस्तू विकणाऱ्यांबरोबर सेवा देणारेही येतात, आणि सर्वेक्षणाआधी कुणाला उठवता येत नाही. आमच्या नव्या आराखड्यात चाचांची जागा पक्की आहे, पाण्याच्या नळासकट. बोर्डाची चाकं आणि बेअरिंग दुरुस्त करायला त्यांच्याइतका जाणकार माणूस आम्हाला मिळणारही नव्हता. झोपायला येणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न मात्र आम्ही सोडवू शकलेलो नाही. रात्रनिवाऱ्यासाठी वेगळा अर्ज केला आहे. तो मंजूर होण्याआधी त्या खांबाजवळ काम सुरू करायचं नाही, असं ठरवलंय. यावर आमच्यात भांडण झालं. दोन मुलं गट सोडून गेली. तरी मला वाटतं निर्णय बरोबर आहे.

आता थोडं बांधकामाचं. पुलाखाली खोल खड्डा घेता येत नाही. खांबांचा पाया, गटारं आणि केबल खाली असतात. म्हणून सगळं जमिनीच्या वर बांधायचं. पुलाच्या जोडांतून पावसाळ्यात पाणी गळतं, ते आधी वाहून न्यायची सोय हवी, कारण ओल्या काँक्रीटवर बोर्ड घसरतो. जमिनीला किंचित उतार हवा, नाहीतर पाणी साचेल. खांबांना जाड गादीचं वेष्टण हवं. पुलाची तपासणी करायला अभियंत्यांना खांबापर्यंत पोहोचता यायला हवं, म्हणून भोवती मोकळी जागा सोडायची. आणि काँक्रीटचा पृष्ठभाग नेहमीच्या फरशीसारखा चालत नाही. बारीक खड्डा राहिला तरी चाक अडकून पोर तोंडावर पडतं. हे काम या विषयातल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. आमच्या व्यवसायात म्हणतात, पहिल्यांदा स्वस्तात केलेलं काम दुसऱ्यांदा महागात करावं लागतं.

आराखडा घेऊन आम्ही एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात गेलो. चहा मिळाला, वागणूक चांगली मिळाली. मग ते म्हणाले, "तुमच्या समाजासाठी काही हवं असेल तर सांगा. शादीखाना मागा, कब्रस्तानची भिंत मागा, लगेच करून देतो. हे कुठे खेळाचं घेऊन बसलात?"

ते वाईट हेतूने बोलले असं मला वाटत नाही. पण त्या वाक्यात आपली हद्द आखलेली होती. लग्न करा, मेल्यावर पुरा, मधलं आयुष्य तुमचं तुम्ही बघा. मी म्हटलं, "साहेब, आम्ही समाज म्हणून नाही आलो. या वॉर्डातले रहिवासी म्हणून आलोय. तिथे रिक्षावाल्या शिंदेंची मुलं खेळतात आणि माझा भाचाही खेळतो."

गंमत म्हणजे मोहल्ल्यातही हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. "एवढी धावपळ करताय तर शाळेसाठी करा, हे चैनीचं काम आहे." शाळा हवीच. पण संध्याकाळी सहा ते नऊ आपला मुलगा कुठे असतो, हे किती घरांना माहीत आहे? आणि मुलगी त्या वेळी कुठे असते, हे सगळ्यांना माहीत असतं. घरात.

इथे मी पुन्हा भाचीच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही तीन रविवार पुलाखाली बसून वहीत नोंदी केल्या. कोण येतं, किती वेळ थांबतं. मुलग्यांचे रकाने भरले. मुलीही आल्या, क्लासला जाताना, दूध आणताना, धाकट्या भावाला बोलवायला. पण एकही थांबली नाही. मनाई नव्हती, पण थांबण्यासारखं तिथे काही नव्हतं.

काबूलमध्ये ऑलिव्हर पर्कोविच नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण २००७ मध्ये बोर्ड घेऊन गेला आणि एका कोरड्या पडलेल्या कारंज्याच्या हौदात मुलं त्याच्याभोवती जमली. त्यातून स्केटिस्तान संस्था उभी राहिली आणि २००९ मध्ये बंदिस्त स्केटपार्क सुरू झाला. मुलींनी सायकल चालवणं तिथे चालत नव्हतं, पण स्केटबोर्ड इतका नवा होता की त्याच्याविरुद्ध नियम करायचा राहून गेला होता. संस्थेने मुलींसाठी वेगळे वर्ग ठेवले, शिकवणाऱ्या स्त्रिया नेमल्या, सोबत अभ्यासाचे वर्ग घेतले. मुली मोठ्या संख्येने आल्या. त्यांच्यावरच्या माहितीपटाला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आल्यावर सगळं थांबवावं लागलं.

काँक्रीट तिथेच होतं. मुलींचा हक्क गेला. म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द आराखड्यात लिहिताना मी आता जपून लिहितो.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. आपल्या हातात संविधान आहे, अर्ज आहे, अपील आहे. म्हणून मागण्या आम्ही लिहूनच दिल्या आहेत. आठवड्यातले ठरावीक तास फक्त मुलींसाठी, बाकी वेळ सगळ्यांना खुला. पुरेसे दिवे. शौचालय, ज्याला आतून कडी लागते. देखभाल समितीत निम्म्या जागा मुलींच्या आणि आयांच्या. बोर्ड आणि हेल्मेट पार्कवरच मिळावेत, कारण चांगला बोर्ड काही हजारांचा येतो आणि तो विकत घ्यायची वेळ आली की घरात आधी मुलाला मिळतो. जॉर्डनमध्ये अम्मान शहरातल्या एका सार्वजनिक बागेत २०१४ च्या डिसेंबरमध्ये स्वयंसेवकांनी स्केटपार्क बांधला. तिथे बोर्ड उसने मिळतात, आणि निर्वासित कुटुंबांतली मुलंमुली शहरातल्या मुलांबरोबर शिकतात. ती पद्धत आम्ही उचलली आहे.

पुलाखाली हे शक्य नाही असं कुणी म्हटलं तर त्यांना माटुंग्याला न्या. तिथे तुळपुळे उड्डाणपुलाखाली २०१६ पासून बाग आहे, नर्मदेच्या वळणासारखा चालायचा मार्ग आहे. रहिवाशांनी पाठपुरावा केला म्हणून ती झाली. माटुंग्याच्या रहिवाशांना जे जमलं, ते आपल्या वस्तीला का जमू नये?

आज आम्ही कुठे आहोत? परवानगी मिळालेली नाही. फाईल पुढे सरकली आहे, एक जागापाहणी झाली आहे. पार्क होईलच असं वचन मी देत नाही. पण एक झालं. गेल्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी आठ ते दहा, भाचीसकट काही मुली तिथे येतात. दोन अम्मी खुर्च्या टाकून बसतात. चाचा चाकांना तेल देतात. पहिल्या दिवशी भाची तीनदा पडली. तिचं कोपर सोललं. घरी आपाने मला खूप सुनावलं आणि पुढच्या रविवारी स्वतःच तिला घेऊन आली.

तुम्ही इथून घरी जाल तेव्हा एक काम करा. तुमच्या भागातली अशी एक जागा निवडा. एक रविवार वही घेऊन तिथे बसा. कोण येतं, कोण थांबतं, कोण न थांबता निघून जातं, एवढंच लिहा. 'रिकामी जागा' हे शब्द त्यानंतरच अर्जात लिहा. अर्जाचा मसुदा मी देतो, माहिती अधिकाराचाही देतो. त्यात आमच्या चुका दुरुस्त केलेल्या आहेत, नव्या तुम्ही करा.