अवधूताचे गुरू आणि राजवाड्याजवळची नदी

(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधातील यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद दत्तभक्तांच्या घरोघरी परिचित आहे. नाथांनी 1573 मध्ये काशीस एकनाथी भागवत पूर्ण केले आणि हा संवाद मराठी माणसाच्या नित्यपाठात येऊन बसला. राजाने अवधूतास विचारले, की ही निर्भय, प्रसन्न वृत्ती तुला कोणी शिकविली? अवधूताने चोवीस गुरू सांगितले. त्यांत ग्रंथ पढविणारा आचार्य एकही नाही. पृथ्वी आहे, जल आहे, वायू आहे. आणि चोविसांपैकी अकरा तर सरळ पशुपक्षी व कीटक आहेत. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर, सर्प, कोळी आणि कुंभारीण माशी. या अकरांनी अवधूतास बोलावून काही सांगितले नाही. तो थांबला, त्याने पाहिले आणि पाहून घेतले. त्याचे शिक्षण एवढेच.

या कथेचे निरूपण दरवर्षी होते. चोवीस नावे लहान मुलेही तोंडपाठ म्हणतात. परंतु म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी एखादा कोळी जाळे विणताना अर्धी घटका उभे राहून पाहिला असेल, हा प्रश्न एकदा विचारावयास हरकत नाही. गुरूंची नावे पाठ आणि गुरू मात्र पाहिलेला नाही, अशी ही गोष्ट आहे.

इंदुरात हे गुरू भेटावयास रानात जावे लागत नाही. राजवाड्याच्या चौकातून, जेथे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे अशी होळकरांची सात मजली वास्तू 1984 ची आग सोसून पुन्हा उभी आहे, तेथून काही मिनिटे चालले की कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लागतात. महाराणी कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांची ही स्मारके. त्यांच्या पायथ्याशी जी नदी वाहते तिला जुनी माणसे खान म्हणतात, नव्या कागदपत्रांत ती कान्ह आहे. सरस्वती नावाची दुसरी धार तिला याच भागात मिळते. ज्या इंद्रेश्वरावरून या गावास नाव मिळाले असे मानतात, ते मंदिरही येथून दूर नाही. पंढरीनाथाचे देऊळ, हरसिद्धी, छत्र्यांजवळचे दत्तमंदिर ही सारी दैवते पाण्याच्या आश्रयानेच येऊन वसली. आज भाविक देवळात जातो, दर्शन घेतो आणि नदीकडे पाठ करून परततो. पाठ न करता कठड्याशी थांबणारा क्वचितच.

जो थांबेल त्याला काय दिसेल? काठाच्या चिखलात मातकट रंगाचा वंचक, म्हणजे ढोकरी, मान आखडून बसलेला असतो; उडाला की एकाएकी पांढराशुभ्र होतो. वर घारी घिरट्या घालीत असतात. विजेच्या तारेवर पांढऱ्या गळ्याचा खंड्या बसतो. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे चालत असतात. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पक्षी दिसले म्हणून पाणी शुद्ध झाले असे अनुमान करणे हा हेत्वाभास होय. शेकाट्यास सांडपाण्याचा चिखल फार मानवतो, कारण त्यात अळ्या विपुल असतात. पांढऱ्या गळ्याचा खंड्या मासे न मिळाल्यास सरडे आणि टोळ यांवरही निभावतो. परंतु त्याचाच धाकटा भाऊबंद, चिमणीएवढा निळा खंड्या, वरून मासा पाहून पाण्यात सूर मारतो. पाणी गढूळ आणि मासा नाहीसा झाला तर त्याचा निभाव लागणे कठीण. तेव्हा कोण आले आहे आणि कोण आलेले नाही, दोन्ही पाहावे लागते. अनुपलब्धीदेखील प्रमाण आहे, हे मीमांसा आणि वेदान्त शिकलेल्यांस निराळे सांगावयास नको.

आणि पाऊस सरला की खंजन येतो. मराठीत त्याला धोबी किंवा परीट म्हणतात. काळापांढरा, शेपूट सतत खालीवर हलविणारा, काठावर धावत किडे टिपणारा. या पक्ष्याचे आणि अवंतीचे नाते जुने आहे. सहाव्या शतकात याच माळव्यातील वराहमिहिराने बृहत्संहितेत खंजनाच्या दर्शनावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. शकुनावर विश्वास असो वा नसो, त्या अध्यायातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पक्षी एकच, परंतु तो कमळांपाशी, जलाशयाच्या काठी दिसला तर शुभ आणि हाडे, राख, केस यांवर बसलेला दिसला तर अशुभ, रोगाचे भय सांगणारा. म्हणजे फल पक्ष्याच्या अंगी नाही, तो ज्यावर बसला आहे त्या जागेच्या अंगी आहे. राज्याचे आरोग्य पाहण्याची ही एक चतुर युक्तीच म्हटली पाहिजे. आज छत्र्यांखाली खंजन उतरतो तो कशावर? कधी ओल्या दगडावर, कधी पॉलिथिनच्या पिशवीवर, कधी थर्मोकोलच्या तुकड्यावर, कधी जरीच्या कागदी हारावर.

हा शेवटला हार मठाच्या माणसाने अधिक लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. पानाच्या पिंका, गुटख्याची पुडी आणि चहाचे पेले टाकणारा बेफिकीर असतो. त्याला बोलणे सोपे आहे. निर्माल्य टाकणारा श्रद्धेने टाकतो. देवाची फुले पायदळी येऊ नयेत म्हणून तो ती नदीच्या स्वाधीन करतो. एके काळी यात दोष नव्हता. दोन दूर्वा, चार फुले, पळसाची पत्रावळ, सुताची वात, शाडूची मूर्ती हे सारे पाण्यात विरे. आता फुले पिशवीसकट पडतात. हाराला प्लॅस्टिकचा दोरा, चुनरीला नायलॉन, मूर्तीला प्लास्टर ऑफ पॅरिस आणि तैलरंग. देवांच्या जुन्या तसबिरी काचेसकट पुलावरून सोडल्या जातात. सोडणारा हात जोडतो आणि निघून जातो.

शास्त्र याविषयी काय म्हणते? मनुस्मृतीच्या इतर अनेक वचनांवर आज वाद आहेत आणि ते रास्त आहेत; परंतु तिच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी किंवा अन्य अशुद्ध वस्तू टाकू नये असा जो निषेध आहे, त्यावर कोणाचाच वाद नसावा. तैत्तिरीय आरण्यकातही जलात न थुंकण्याचे व्रत सांगितले आहे. देवाला वाहिलेले फूल अशुद्ध कसे, असे कोणी विचारील. फूल अशुद्ध नाही. त्याभोवतीची पिशवी कोणत्या मंत्राने शुद्ध झाली, एवढे मात्र त्याने सांगावे.

आता अवधूताच्या कोळ्याकडे वळू. कोळी आपल्या तोंडातून सूत काढतो, त्यात विहार करतो आणि शेवटी ते गिळून टाकतो, असे अवधूत म्हणतो. तेथील मुख्य अर्थ परमेश्वराच्या सृष्टी आणि संहाराचा आहे, आणि तो सोडून दुसराच अर्थ मुख्य म्हणून सांगणे हे पाठशाळेच्या शिस्तीत बसणार नाही. परंतु दृष्टांत खोटा असता तर सिद्धांत टिकला नसता. सूत तोंडातून नव्हे, पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून निघते, एवढा फरक सोडला तर चक्राकार जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खरोखरच खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्यातून पुन्हा नवे विणतात. काठावरच्या झुडपात सकाळी दव पडले असता हे जाळे पाहता येते. त्याच झुडपात वाऱ्याने अडकलेली पिशवी असते. माणसाने काढलेले हे सूत कोणाच्याच पोटात परत जात नाही. गाय गिळते, तेव्हा ते तिच्या पोटात गोळा होऊन राहते.

हे टाकलेले सर्व जाते कोठे, हे इंदूरकरांस माहीत असते, पण आठवत नाही. कान्ह उत्तरेस वाहते, सांवेरवरून पुढे जाते आणि उज्जयिनीच्या अलीकडे त्रिवेणीपाशी शिप्रेला मिळते. ज्या शिप्रेवरचा वारा सारसांचे कूजन दूरवर नेतो असे कालिदासाने मेघदूतात वर्णिले, तीच ही शिप्रा. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून पिशवी सोडणारा आणि रामघाटावर डुबकी मारणारा पुष्कळदा एकच मनुष्य असतो. 2016 च्या सिंहस्थाच्या वेळी कान्हेचे पाणी शिप्रेच्या स्नानघाटांवर पोहोचू नये म्हणून ते मोठ्या नळातून उज्जयिनीला वळसा घालून पुढे सोडावे लागले. एका नदीला आपल्याच थोरल्या बहिणीच्या घरी मागल्या दाराने पाठवावे लागले! 2028 मध्ये सिंहस्थ पुन्हा भरावयाचे आहे.

नगराने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2017 पासून स्वच्छता सर्वेक्षणात इंदूर देशात पहिले येत राहिले. कान्ह आणि सरस्वती यांत थेट पडणारी हजारो घरगुती व सार्वजनिक सांडपाण्याची मुखे बंद करून ती मलवाहिन्यांस जोडली गेली, आणि ऑगस्ट 2021 मध्ये ‘वॉटर प्लस’ ठरलेले देशातील पहिले शहर म्हणून इंदूरचे नाव घोषित झाले. 2022 मध्ये सिरपूर तलाव आणि यशवंतसागर रामसर यादीत आले. यशवंतसागरावर आजही सारस दिसतात. खजराण्याच्या गणेशमंदिरातील फुलांचे खत होते. परंतु नळ आणि यंत्रे ही सरकारची कामे. पुलावरून सुटणारा हात सरकारला धरता येत नाही.

या गावाने असा हात एकदा उत्सवाच्या मार्गाने धरलेला आहे. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश विद्वान होळकर दरबारच्या निमंत्रणावरून येथे आले. त्यांचा इंदूरच्या नगररचनेवरील दोन खंडांचा अहवाल 1918 मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेगाचे दिवस होते. त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे ते असे, की त्यांनी महाराजांकडून दिवाळीच्या मिरवणुकीचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केले, की यंदा मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या आळ्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून जाईल. मग काय, घरोघर झाडू निघाले आणि गाड्या भरभरून कचरा गावाबाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगाचा उंदीर यांच्या प्रतिमा होत्या. त्या शेवटी जाळल्या. सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. त्या मिरवणुकीत सफाई कामगार शुभ्र वस्त्रे लेवून, फुलांनी मंडित होऊन चालले आणि परदेशचा तो पंडित त्यांना सन्मानाने सामोरा गेला. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जात होता, त्यांना सणाच्या दिवशी राजमार्गाने मिरविणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मठामठांतून हे आधीच घडावयास हवे होते, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात हे व्रत गाडगेबाबांनी घेतले. गावात शिरताच प्रथम झाडू, मग कीर्तन, हा क्रम त्यांनी 1956 मध्ये देह ठेवीपर्यंत सोडला नाही.

तेव्हा नदीकाठच्या सेवेविषयी काही सांगावयाचे ते अगदी व्यवहाराचे. सेवेस प्रातःकाळी जावे आणि पहिली घटका काहीही न उचलता उभे राहावे. कोण कोठे बसले आहे, कोठे घरटे आहे, हे आधी पाहावे. टिटवी उघड्या खड्यांतच अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत फिरू लागली तर तेथून मागे फिरावे, तेथील पिशवी महिनाभर राहिली तरी चालेल. वाळलेली पाने, पडलेली फांदी, पाणकणसाचे बेट हा कचरा नव्हे. ती कोणाची तरी घरे आहेत. उत्साही मंडळी हे सर्व उपटून काठ तुळतुळीत करतात आणि त्यावर सिमेंटची भिंत घालावी असे अर्जही करतात. खंड्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. भिंतीत तो कोठे जाणार? हातमोजे असावेत, लांब काठीला आकडा असावा. सुया आणि फुटकी काच उघड्या हाताने उचलू नये. मुलांना तिकडे पाठवू नये. पावसाळ्यात पाण्यात उतरू नये, कारण वर कोठे पाऊस पडला हे येथे कळत नाही. जमविलेले जाळू नये. ओले निराळे, सुके निराळे करून पालिकेच्या गाडीत द्यावे, आणि गाडीवरच्या माणसास नमस्कार करावा. देवाची तसबीर सापडली तर काच आणि चौकट वेगळी करावी. कागद मठाच्या बागेत मातीत द्यावा.

निर्माल्यासाठी मठाच्या अंगणात खड्डा हवा. त्याचे खत तुळशीला घालता येते. वद्य पक्षात एका रविवारी काठावर सेवा आणि त्याच दिवशी सायंकाळी एकादश स्कंधातील एका गुरूचे निरूपण, असा क्रम ठेवला तर चोवीस गुरूंना दोन वर्षे पुरतील. पहिला गुरू पृथ्वी. जल चौथे येईल. कार्तिकात आरंभ केला तर ते माघाच्या सुमारास, आणि तोवर खंजन काठावर असतोच. कृष्णपुऱ्याच्या पायऱ्यांवर तो कशावर उतरला आहे, हे त्या सकाळी पाहून यावे.