निवणारा चहा आणि न निवणारी रांग
(वार्षिक संमेलनातील भाषणाचा मजकूर)



मी विज्ञानाचा शिक्षक नाही. अमरावतीस बी. ए., बी. एड. झालो आणि अकोल्यात मराठी व इतिहास शिकवतो. तरी आज पदार्थविज्ञानावर बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला माझीच एक चूक कारणीभूत आहे.

विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून दहावीच्या वर्गावर गेलो. मुलांना सांगितले की, बशीत ओतलेला चहा निवतो, आपल्या मे महिन्यात माठाबाहेर काढलेले पाणी तापते. प्रत्येक वस्तू शेवटी भोवतालाशी समान होते आणि आपली पहिली अवस्था विसरते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, कणांना हलायला मोकळीकच नसेल तर?"

मी तिला दटावले नाही एवढेच. उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते.

शोधता शोधता कळले की, हा प्रश्न आपल्या मुंबईतच फार पूर्वी हाताळला गेला आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. मुस्तनसिर बर्मा आणि प्रा. दीपक धर यांनी १९९४ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. बर्मा पुढे त्या संस्थेचे संचालक झाले, २०१३ मध्ये पद्मश्री झाले. धर यांना २०२२ साली बोल्ट्झमन पदक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

त्यांचे गणित मला झेपणारे नाही. पण त्यातला खेळ शाळेच्या मैदानावर खेळता येतो. सहा मुलांची रांग करा. कोणी बसलेला, कोणी उभा. नियम एकच : शेजारशेजारचे तिघे बसलेले असतील तर ते एकदम उठू शकतात, आणि तिघे उभे असतील तर एकदम बसू शकतात. एकट्यादुकट्याने हलायचे नाही.

बसलेल्यास 'ब' आणि उभ्यास 'उ' म्हणू. रांग आहे बबबउबउ. पहिले तिघे उठले : उउउउबउ. आता दुसरा, तिसरा, चौथा बसले : उबबबबउ. मग तिसरा, चौथा, पाचवा उठले : उबउउउउ. शेवटचे तिघे बसले : उबउबबब. एवढी उठाबस झाली, पण कोणत्याही पायरीवर सारखे तिघे खोडून पाहा, मागे 'उबउ' हीच अक्षरे याच क्रमाने राहतात. भागाकारातील बाकीसारखी ही बाकी कधी बदलत नाही. रांगेने आपली आरंभीची खूण जपली!

रांग लांब असली की ही बाकीची अक्षरे पुढेमागे सरकतात, पण अरुंद बोळातल्या माणसांप्रमाणे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. म्हणून विसरण्याची क्रियाच मंदावते. किती मंदावते, ते बाकीवर अवलंबून. काही प्रकारच्या रांगांत ती खूण निम्मी पुसट होण्यास सोळा पट काळ जावा लागतो.

हे केवळ मुलांच्या रांगेचे नाही. या खेळाचे गणित आणि अतिसूक्ष्म चुंबकांच्या साखळीचे पुंजयामिकीतले, म्हणजे क्वांटमचे, गणित एकाच साच्याचे आहे. २०१७ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे ५१ रुबिडियम अणू एका ओळीत धरून प्रयोग झाला. तिथला नियम वेगळा : एक अणू उत्तेजित असला की शेजारचा होऊ शकत नाही. सगळे अणू शांत ठेवून आरंभ केला, तर ओळ लवकर स्थिरावली. एक सोडून एक अणू उत्तेजित ठेवून आरंभ केला, तर ती पुन्हा पुन्हा मूळ रूपाकडे परतू लागली. शास्त्रज्ञांनी २०१८ साली या वागण्याला 'व्रण' असे नाव दिले. मला ते नाव फार आवडले. वण जसा जुन्या जखमेची आठवण ठेवतो, तसेच.

आता त्या मुलीकडे येतो. मी हा खेळ वर्गात दाखवला. दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. सहा मुलांच्या एकूण ६४ रांगा होतात. त्यांपैकी २६ अशा की त्यांत कोणालाच कधी हलता येत नाही. उरलेल्या ३८ मिळून अवघी सात कुटुंबे. मला खरे वाटेना. रात्री जेवण झाल्यावर मी सगळ्या रांगा एकेक करून लिहिल्या. दोनदा चुकलो. तिचे उत्तर बरोबर होते.

तिचे वडील आज समोर बसले आहेत, म्हणून नाव घेत नाही. त्यांनी मला दोनदा विचारले की, अकरावीला विज्ञान घेऊन, रोज इतक्या दूर जाऊन मुलीच्या पदरात काय पडणार? भाईसाहेब, नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. ती मला माझ्या बी. ए.लाही कोणी दिली नव्हती. अडचण एसटीच्या पासाची असेल, तर ती आपण बसून सोडवू. पण ती वही एकदा आपण स्वतः पाहावी, एवढी विनंती आहे. गणित येत नाही म्हणून संकोचू नका, मलाही ते येत नाही.

परवा तिने आणखी एक पान दाखवले. तिघांऐवजी दोघांनीच मिळून उठायचे-बसायचे ठरवले, तर ६४ मध्ये अडकलेल्या रांगा २६ नव्हे, फक्त दोन उरतात : बउबउबउ आणि उबउबउब. "एका माणसाने एवढा फरक का पडतो, सर?" असे तिने विचारले. विज्ञानाचे सर आता रजेवरून परत आले आहेत. मी तिला त्यांच्याकडे पाठवले, आणि मागोमाग मीही जाऊन बसलो.