एका क्रीडापत्राची कहाणी



शर्यत काही मिनिटांत संपते. तिची चर्चा मात्र दीर्घकाळ चालते. या चर्चेच्या बळावर स्वीडनमध्ये एक नियतकालिक वाढले. त्याचे नाव 'इद्रोत्सब्लादेत', म्हणजे सरळ मराठीत 'क्रीडापत्र'.

हे पत्र १९१० साली निघाले. दोनच वर्षांनी स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने भरले आणि खेळ हा साऱ्या देशाच्या आस्थेचा विषय झाला. १९१५ मध्ये पत्राची सूत्रे तोर्स्तेन तेंग्नेर या तरुणाच्या हाती आली. त्याच्या मातोश्री अलीस तेंग्नेर यांची बालगीते स्वीडनमध्ये घरोघरी गाइली जात. पुत्राने लेखणी हाती घेतली ती खेळासाठी. १९५७ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, तेंग्नेर संपादक होते. 'टी. टी.' एवढी अक्षरे वाचकांना ओळखीसाठी पुरत. केवळ निकाल छापून ते थांबत नसत. सामन्याचा आवेशही शब्दांत उतरवीत.

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला. इतरत्र मैदाने ओस पडली असता तेथे गुंडेर हेग्ग आणि आर्ने आंदेरसोन यांची चुरस रंगली. १९४२ च्या उन्हाळ्यात हेग्गने तीन महिन्यांच्या आत १० जागतिक उच्चांक केले. मैलाच्या शर्यतीचा उच्चांक या दोघांनी आळीपाळीने खाली आणला. १९४५ मध्ये हेग्गने तो ४ मिनिटे १.४ सेकंदांवर नेऊन ठेवला. पुढे नऊ वर्षे तो अबाधित राहिला.

परंतु १९४६ मध्ये दोघांवरही आजन्म बंदी आली. हौशी खेळाडूंना निषिद्ध असलेले पैसे त्यांनी स्वीकारले, हा त्यांचा अपराध. येथे एक प्रश्न उभा राहतो. त्यांना पाहण्यासाठी प्रेक्षक तिकिटे काढीत, त्यांच्या बातम्यांसाठी वाचक अंक विकत घेत. आयोजकांना उत्पन्न मिळे, वृत्तपत्रांचा खप वाढे. धावणाऱ्याने मात्र रिकाम्या हाती परतावे, अशी अपेक्षा होती. अव्यवसायी खेळाचे तत्त्व उदात्त होते यात शंका नाही. पण त्याचा सारा भार एकट्या खेळाडूच्या खांद्यावर पडला.

म्हणूनच क्रीडापत्राचा इतिहास हा केवळ विजयांचा इतिहास नव्हे. कीर्ती घडविणाऱ्या लेखणीने त्या कीर्तीची किंमत कोण मोजतो हेही विचारले पाहिजे. तेंग्नेर १९७७ मध्ये निवर्तले. हा प्रश्न मात्र त्यांच्यामागेही उरला आहे.